नव्वद दाणे

अमरावती
मार्गशीर्ष वद्य ४, शके १७८६

आत्याबाई, रामरावाचा तुमच्या पायांवर माथा.

पुंजाराम गाडीवान कापूस भरून खामगावाकडे निघाला आहे. वाटेत अकोल्यास थांबून हे पत्र तुमच्या हाती देईल. त्याला पोटभर ताक पाजा, म्हणजे परतताना उत्तर आणायला विसरणार नाही.

तुमच्या सुनेस, सुभद्रेस, बरे नाही. दिवाळीपासून खोकत होती, पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते, माझेही नाही. परमुलखात लढाई जुंपल्यापासून विलायतेला आपलाच कापूस हवा आहे. घरात माजघर भरले, ओसरी भरली, देवघरातही दोन गाठोडी आहेत. सुभद्रा मागच्या खोलीत रेच्यावर कापसातली सरकी काढत दिवस दिवस बसत होती. आता चार पावले टाकली तरी धाप लागते. आडवी झाली की लगेच उठून बसते. काल सकाळी उजेडात तिचे ओठ पाहिले, जांभळे खाल्ल्यासारखे दिसले. घोट्यांवर सूज आहे.

तिला मागच्याच खोलीत ठेवले आहे. तेथला झरोका बुजवलेला आहे, वारा लागत नाही. वैद्य चाटण देऊन गेले, त्याने काही झाले नाही. तुमच्या हाताखालून धापेची इतकी माणसे गेली, काय करावे ते लिहा. तुम्ही स्वतः मात्र येऊ नये. थंडी फार आहे आणि रस्ताभर गाड्याच गाड्या आहेत.

तुमचा रामराव


अकोला
मार्गशीर्ष वद्य ९

रामा, बाळा, सुखी राहा.

पुंजारामाने चार वाट्या ताक पिऊन पाचवी मागितली, तेव्हा उत्तर नक्की येईल. मी लिहायला बसले की गोदाबाई अजून दारात उभी राहून पाहते. आज म्हणाली, "माणिकबाई, तुमाले हे कोनं शिकवलं वो?" मी म्हटले, "कोनंच नाई. वाण्याच्या पुड्या सोडता सोडता शिकलो." धापेचेही तसेच आहे. तुझ्या आजीच्या उशाशी सात वर्षे बसले, तिथे जे दिसले तेवढेच मला येते.

सुभद्रेला आडवी करू नकोस. पाठीशी लोड, त्यावर तक्का, असे बसते ठेव. पुढ्यात पाट आणि त्यावर उशी दे, दोन्ही हात त्यावर टेकून ओणवी बसली की छातीला जागा होते. चोळीच्या गाठी सैल कर. जेवण एकदम पोटभर नको, पातळ कण्या थोड्या थोड्या, दिवसातून सहादा. मीठ तोड. मीठ तोडले की पायांची सूज उतरते, हे मी तीन माणसांत पाहिले आहे. घाबरली तर चुलीची फुंकणी तिच्या हाती दे आणि सांग, विस्तव फुलवायचा आहे पण राख उडू द्यायची नाही. असा लांब, हळू श्वास सोडला की पुढचा आपणच आत येतो. रोज नखे पाहा. नडगीवर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो ते पाहा. आणि तिला फार बोलायला लावू नकोस. तुला प्रश्न विचारायची खोड आहे.

पुंजारामाजवळ तांब्याची वाटी देते. तुझ्या ओळखीची आहे, तुझ्या पहिल्या बायकोच्या, रुख्मिणीच्या वेळी धाडली होती तीच. तळाला सुईच्या टोकाएवढे भोक आहे. परातीतल्या पाण्यात तरंगत सोडली की पाव घटकेत बुडते, मी देवळातल्या घटिकापात्राशी ताडून पाहिली आहे. ती बुडेपर्यंत सुभद्रेच्या दर श्वासाला ज्वारीचा एक दाणा ताटलीत टाक. धडधाकट माणसाचे नव्वद दाणे होतात. पूर्ण घटकेचे तीनशे साठ, हे पुराणिकबुवाही सांगतात. रुख्मिणीचे आधी दोनशे भरले होते आणि माझ्या इलाजाने नव्वदावर आले. ते तुझे पत्र मी अजून पोथीत जपून ठेवले आहे. पुढे बिचारीला तापाने तीन दिवसांत नेले, त्याला कोण काय करणार?

तोच इलाज आताही कर. झरोका बंदच राहू दे. भिंतींशी कापसाची गाठोडी रच, दाराच्या फटीत पिंजलेला कापूस भर. वारा धापेचा वैरी. समोरच्या खुशालरावांनाही मी महिनाभर असेच कोंडून ठेवले आहे.

तुझी आत्या माणिकबाई


अमरावती
पौष शुद्ध ३

आत्याबाईंना दंडवत.

लोड, पाट, फुंकणी, सगळे केले. बसते ठेवल्यापासून थोडा डोळा लागतो. फुंकणीचे तिला हसू आले, आणि हसल्यामुळे पुन्हा धाप लागली.

काल दुपारी सगळ्यांना अंगणात पाठवले, खोलीच्या दारात बसलो, वाटी सोडली, आणि कानाने ऐकत दाणे टाकले. मोजले तर तीनशे साठ. विश्वास बसेना म्हणून आज दुपारी परत मोजले. तीनशे साठच.

रुख्मिणीचे नाव पत्रात घेऊ नये ही विनंती. पत्रे इकडे तिकडे पडतात.

रामराव


अकोला
पौष शुद्ध ८

रामा, अरे वेड्या!

तुझे पत्र वाचून मी एकटीच हसले. गोदाबाईला वाटले, म्हातारीला काही झाले. पाव घटकेत तीनशे साठ श्वास माणूस घेत नसतो, पाखरू घेते. तू माझी वाटी सोडून जोशीबुवांचे घटिकापात्र वापरलेस, होय ना? पूर्ण घटकेचे तीनशे साठ म्हणजे सुभद्रा चांगली धड आहे. मी देवाला गूळ ठेवला आणि अर्धा गोदाबाईच्या हातावर दिला. लहानपणीही तुला पायली आणि शेर यातला फरक कळत नसे.

अजून आठ दिवस खोली उघडू नकोस. गुण आला की माणसे घाई करतात. तिला माझा आशीर्वाद सांग.

आत्या


अमरावती
पौष शुद्ध १३
(सरकारी टपालाने)

आत्याबाई,

गूळ ठेवायला नको होता. वाटी तुमचीच होती. जोशीबुवांचे पात्र मी आणलेच नाही. सुभद्रेला बरे नाही. पूर्वी एका दमात "पाणी द्या बरं थोडं" म्हणायची, आता "पाणी" म्हणून थांबते. नखे निळी आहेत. पाठीला कान लावला तर ओल्या वाळूवरून कोणी चालत असल्यासारखे ऐकू येते.

मी कानावर विसंबायचे सोडले. आज भर दुपारी तिच्या पाठीवर तळहात ठेवला आणि हाताला लागेल तेवढेच श्वास मोजले. एकशे साठ. मग हात काढला, पुन्हा वाटी सोडली, डोळे मिटून नुसते ऐकले. तीनशे साठ.

खोलीत आम्ही दोघेच होतो. माझा श्वास मिसळत असेल म्हणून मी जमेल तितका रोखून पाहिला. त्या वेळी सुभद्रा पाणी प्यायला थांबली होती, घोट तिच्या तोंडात होता. तरी श्वास ऐकू येत होता. उथळ, भराभर, घाईचा. झरोक्याच्या बाजूने.

दुसरे असे की भिंतीला कापसाचे तंतू चिकटले आहेत. मरणाऱ्या माणसाच्या नाकाशी आपण कापूस धरून पाहतो, तो जसा हलतो, तसे ते तंतू हलतात. आत आणि बाहेर. त्या खोलीत वारा यायला जागा नाही. तुमच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक फट मी स्वतः बुजवली आहे.

सुभद्रेला मी काही बोललो नव्हतो. तीच आपणहून म्हणाली, एकेका शब्दाला थांबत, "मी श्वास घ्याले जातो... तं कोनीतरी... माह्या अगोदरच घेऊन टाकते. मले उरलासुरला भेटते."

मी म्हटले, "कोन घेते?"

म्हणाली, "तुमाले मालूम असन."

रामराव


अकोला
पौष वद्य १

रामा,

तुझे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा पोथी सोडायला उठले.

पोथीतून तुझे तीन वर्षांपूर्वीचे पत्र काढले. त्यात तुझ्या अक्षरात लिहिले आहे, रुख्मिणीचे पाव घटकेत दोनशे दाणे. तीनशे साठातून सुभद्रेचे एकशे साठ वजा केले. बोटांवर केले, मग खात्रीसाठी दाणे मांडून केले. दोनशेच उरतात.

त्याच पोथीत तुझे दुसरे पत्र आहे, नऊ दिवसांनंतरचे. "गुण आला, आज नव्वद." आज ते उजेडात नीट धरून पाहिले. पहिल्या पत्रात तू सगळे लिहिले होतेस, कोणत्या प्रहरी मोजले, दाणे कोणत्या ताटलीत टाकले, एक दाणा घरंगळून चुलीखाली गेला तोसुद्धा. दुसऱ्यात नुसता आकडा आहे.

मी तुला पाळण्यात झोके दिले आहेत. खोटे बोलताना तू कमी बोलतोस हे मला ठाऊक असायला हवे होते. ते नव्वद तू मोजले होतेस का?

माझी भीड धरू नकोस. उलट टपालाने लिही.

आत्या


अमरावती
पौष वद्य ४

आत्याबाई,

नाही मोजले.

तुमच्या सांगण्याप्रमाणे रुख्मिणीला त्याच खोलीत ठेवले होते. झरोक्यात कापसाचा बोळा ठासून भरला, भिंतींशी गाठोडी रचली. ती म्हणायची, "अवो, झरोका उघडून द्या. मले हवा पायजे." मी म्हणायचो, "आत्याबाईनं नाई म्हटलं हाये." तिने आठ दिवस मागितले, मग मागायचे सोडले. नवव्या दिवशी दुपारी बाजारातून आलो तेव्हा ती लोडापाशी नव्हती. सरकत सरकत झरोक्यापर्यंत गेली होती. गुडघ्यांवर बसलेली, तोंड त्या बोळ्याला लावलेले. अंग गार पडले होते.

ताप आला नव्हता. तुम्हाला कळले असते तर तुम्ही अन्न सोडले असते. आई गेल्यावर मला तुम्हीच वाढवले. तुमच्या तोंडून ऐकले होते की नव्वद म्हणजे चांगले, म्हणून नव्वद लिहिले, आणि चार दिवसांनी तापाचे लिहिले. तुम्ही येऊ नये असे लिहिले ते थंडीसाठी नव्हते. तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकावे याची भीती होती. सुभद्रेला तेथे ठेवले ते का, मला सांगता येत नाही. घरात दुसरी जागा नव्हती हे खरे, पण पुरते खरे नाही. ती खोली बरोबर होती असे मला ठरवून टाकायचे होते.

आज दुपारी सुभद्रा म्हणाली, "अवो, झरोका उघडून द्या. मले हवा पायजे." शब्द तेच. आवाजही तोच वाटला. सुभद्रा चांदूरची, तिने रुख्मिणीला कधी पाहिलेले नाही.

आत्याबाई, मी जन्मात पहिल्यांदा तुमचे सांगणे मोडले. झरोक्यापाशी गुडघे टेकले आणि बोळा ओढला. निघेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा निघाला. तीन वर्षांचा कापूस, बाहेरच्या अंगाने कोरडा, धुळीने काळा. आतल्या अंगाने दमट. मधोमध तोंडाएवढी खोलगट जागा होती आणि तिला हात लावला तर कोमट लागली.

सुभद्रेला उचलून ओसरीत आणले. गाठोडी भरभर अंगणात फेकली, दव पडो की काही पडो. ती झोपली आहे. आता तिच्याजवळ ऐकले तर एकाच माणसाचा श्वास ऐकू येतो.

मागच्या खोलीत मात्र अजून चालूच आहे.

रामराव


अकोला
पौष वद्य ७

रामा,

तू मला वाचवायला नव्वद लिहिलेस. त्या नव्वदाच्या भरवशावर मी इथे चार माणसांना कोंडले. त्यातली दोन गेली. मी त्यांच्या घरच्यांना म्हणत आले, दिवस भरले होते.

इथवर लिहून पत्र तसेच ठेवले आणि उठले. समोर खुशालरावांच्या घरी गेले. कोणाला न विचारता त्यांच्या खोलीच्या झरोक्यातला कापूस ओढून काढला, दार सताड उघडले. त्यांची सून ओरडली, "अवो आजी, कालवर तं तुमीच फटी बुजवत होत्या!" मी म्हटले, "काल मी मूर्ख होतो. आज जराशी कमी हावो." खुशालराव दारातून आलेली हवा लहान लेकरासारखे प्यायले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माणिकबाई, मले वाटलं तुमी माह्यावर कायचा तरी राग काढून राहिल्या." चौथ्या घरी जाऊन आले. तिथेही उघडले.

तुला रागावायचे आहे, पण ते नंतर. सुभद्रेला ओसरीतून हलवू नकोस. बसती ठेव, मीठ देऊ नकोस, फुंकणी चालू ठेव, रेचा तिच्या नजरेसही पडू देऊ नकोस. खोकल्यातून कापसाचे तंतू पडतील, भिऊ नकोस. मागच्या खोलीचा झरोका आणि दार उघडे ठेव. तिथे कोणी जाऊ नका, पण बाहेरून कडीही घालू नका. कोणालाही पुन्हा कोंडायचे नाही.

परवा पुंजारामाची रिकामी गाडी अमरावतीस परत निघते. मी तिच्यात बसून येते.

आत्या


अमरावती
फाल्गुन वद्य २

आत्याबाईंच्या पायांवर माथा.

तुम्ही चाळीस दिवस राहून परत गेलात, त्याला आज दहा दिवस झाले. घर सुने वाटते. सुभद्रेचे काल एकशे पाच भरले. हाताने मोजले आणि कानाने मोजले, दोन्ही सारखे. नखे गुलाबी आहेत. ती विहिरीपर्यंत चालून आली आणि आल्यावर मलाच म्हणाली, "तुमी काहून धापा टाकून राहिले?" रेचा मी अंगणात निंबाखाली नेला आहे. आता गडी तोंडाला फडके बांधून बसतात.

मागच्या खोलीत काही ऐकू येत नाही. तुम्ही गेलात त्या दिवसापासून. भिंतीवरचे तंतू स्थिर आहेत.

एक विचारायचे राहिले. निघण्याच्या दिवशी जेवणे झाल्यावर तुम्ही त्या खोलीत जाऊन बसलात. ओसरीतून सुभद्रेने तुमचे बोलणे ऐकले. तुम्ही म्हणत होता, "हळू. घाई नाही. माझ्या खांद्याचा टेका घे." मग तुम्ही बाहेर आलात, आणि उंबऱ्यावर दार धरून थांबलात. आणखी एका माणसाला बाहेर यायला लागेल तितका वेळ. मग गाडीत चढलात आणि तुमच्या शेजारी उशी ठेवायला लावलीत.

सुभद्रा म्हणते, विचारू नका. मला राहवत नाही.

तुमचा रामराव


अकोला
चैत्र शुद्ध ५, शके १७८७

रामा, सुभद्रे, दोघे औक्षवंत व्हा.

प्रश्न विचारायची तुझी खोड जायची नाही. पण एकदा मी तुझ्याकडे खरे मागितले होते, तेव्हा आता तू मागतोस तर मलाही दिले पाहिजे.

त्या दुपारी मी रुख्मिणीजवळ बसले आणि माझे चुकले असे सांगितले. ऐकले की नाही कोण जाणे, श्वास तसाच चालू राहिला. उघड्या झरोक्यातून एवढी हवा येत होती, तरी तसाच. तेव्हा माझ्या ध्यानात आले, नुसते उघडून काय होते? इतके दिवस कोंडलेले माणूस एकट्याने बरे होत नाही, उशाशी कोणी बसावे लागते. मी म्हटले, चल माझ्याबरोबर. तेव्हा तुझ्या घरी येऊ शकले नाही, आता माझ्या घरी ये.

वाटेत बडनेऱ्याच्या पुढे पुंजाराम मागे न वळता म्हणाला, "आत्याबाई, लय धाप लागली का तुमाले? गाडी थांबवू?" मी त्या वेळी पान चघळत गप्प बसले होते. मी म्हटले, "थांबव बाबा. जरा सावलीत थांबव." त्याने काही विचारले नाही. तुझ्यापेक्षा शहाणा आहे.

इथे पूर्वेच्या झरोक्याखाली लोड मांडला आहे, पुढ्यात पाट आणि उशी. फुंकणी जवळ ठेवते. झरोक्याला पडदासुद्धा नाही. गोदाबाई विचारते, हे अंथरूण कोणाचे? मी सांगते, पाहुणी आहे. खुशालराव आता काठी टेकत सकाळी येतात, त्या अंथरुणापासून दूर बसतात, पण येतात.

रोज दुपारी वाटी सोडते. एक हात माझ्या छातीवर ठेवून माझे श्वास वेगळे काढते, कारण तेवढ्यात चूक व्हायला नको. माझे नव्वद होतात, म्हातारी असून. तिचे पहिल्या दिवशी दोनशे होते. आठव्या दिवशी एकशे ऐंशी. रंगपंचमीला एकशे चाळीस. त्या दिवशी पाटावरची उशी थोडी मागे सरकलेली दिसली, म्हणजे तिला ओणवे बसावे लागत नसावे. पाडव्याला एकशे दहा. आता ऐकायला कान फार जवळ न्यावा लागतो. घाई गेली आहे. श्वास सोडताना लांब सोडते, राख न उडवता विस्तव फुलवावा तशी.

बरी झाल्यावर ती राहील की जाईल, ते मी विचारले नाही. झरोका उघडा आहे, दार उघडे आहे. तिच्या मनाला येईल तसे.

आज दुपारी, ऊन झरोक्यातून लोडापर्यंत आले तेव्हा वाटी सोडली. पितळेच्या ताटलीत दाणे टाकले. एक दाणा घरंगळून लोडाखाली गेला, तो शोधून आणला. दोघींचे मिळून एकशे ऐंशी भरले, त्यातून माझे वजा केले.

नव्वद. या खेपेस मोजून लिहिते.

तुमची आत्या